मदत हवी आहे : एकच किट, एकच डेकल्स, मग दोनच विमानांवर चंदेरी चट्टे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण एका टेबलाभोवती बसून प्लॅस्टिकची स्केल मॉडेल्स बनवतो. या खेपेला पाचही जणांनी मुद्दाम एकच किट घेतलं : १/७२ मापाचं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान), १९४० सालच्या रंगसंगतीतलं, वरून हिरवा आणि मातकट तपकिरी. तेच स्प्रू (सुटे भाग जोडलेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी), तोच डेकल्सचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या पातळ छापील चिन्हांचा) कागद. शेवटी पाचही विमानं एका फळीवर शेजारी शेजारी ठेवायची असं ठरलं आहे. जोडणी, पुटी, घासकाम, रंग सगळं नीट पार पडलं. कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत) पांढऱ्या गोंदाने चिकटवल्यामुळे सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होण्याचा प्रश्नही कुणाला आला नाही. घोडं अडलं आहे ते डेकल्सवर.

दोन विमानांवर डेकल्स वाळल्यावर पारदर्शक भागाखाली चंदेरी चट्टे उठले. समोरून फारसे जाणवत नाहीत, पण मॉडेल जरा तिरकं धरलं की लगेच चमकतात. धडावरच्या कोड अक्षरांच्या (विमानाची ओळख सांगणाऱ्या मोठ्या अक्षरांच्या) जोडीमध्ये जी मोकळी पारदर्शक पट्टी असते, तिथे तर फारच. खऱ्या स्पिटफायरचे पंख ११.२३ मीटर, म्हणजे या मापात साडेपंधरा सेंटिमीटर. एवढ्याशा विमानावर नखाएवढा चट्टासुद्धा आधी डोळ्यात भरतो.

कोणी काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण खरा पेच त्यातच आहे.

पहिलं आणि दुसरं विमान : एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) मॅट, म्हणजे बिनचमकीचा अ‍ॅक्रिलिक रंग, वर ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निश, मग सेटिंगचं द्रव (डेकल नीट चिकटावं म्हणून) आणि सॉफ्टनर (डेकलची फिल्म मऊ करणारं द्रव) लावून डेकल्स. निकाल स्वच्छ. रंगवल्यासारखी अक्षरं दिसतात.

तिसरं विमान आमच्यातल्या सर्वात ज्येष्ठ काकांचं. ते सगळं ब्रशनेच करतात. इनॅमल रंग, त्यावर रुंद मऊ ब्रशने ग्लॉसचे दोन हात, डेकल्स नुसत्या पाण्यावर. सेटिंग द्रव नाही की सॉफ्टनर नाही. तरी एकही चट्टा नाही!

चौथं : ग्लॉस दिलाच नाही. चांगला सॉफ्टनर असेल तर ग्लॉसची गरज नसते असं त्याच्या वाचनात आलं होतं, म्हणून डेकल्स थेट मॅट रंगावर. सगळीकडे चट्टे. त्यावर मॅट वार्निशही मारून झालं आहे.

पाचवं : इथेच आमची मती गुंग झाली. एअरब्रश, मॅट रंग, ग्लॉस, सेटिंग द्रव, सॉफ्टनर सगळं पहिल्या दोघांसारखंच. ग्लॉसची बाटलीसुद्धा तीच. पंखांच्या टोकाकडची वर्तुळं उत्तम बसली, पोटाकडची डेकल्स उत्तम. पण पंख जिथे धडाला मिळतो त्या कोपऱ्यातली बारीक सूचनाअक्षरं आणि धडावरची मोठी कोड अक्षरं यांच्याखाली चट्टे आले. यावर अजून मॅट मारलेलं नाही.

चौथ्याचं कारण कळतं. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. डेकलची फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते, खालच्या खाचांत हवा अडकते आणि त्या हवेवरून प्रकाश विखुरला की चंदेरी दिसतं. पण ग्लॉस दिलेल्या पाचव्यावर, आणि तेही ठरावीक जागीच, हे का व्हावं?

पाचवं विमान ज्याचं आहे तो आमच्यातला सर्वात नवा. त्याला वाटतंय आपल्या हातालाच वळण नाही. सगळा रंग उतरवून पुन्हा करतो म्हणतोय. मला ते होऊ द्यायचं नाही, कारण त्याची जोडणी आमच्या सगळ्यांपेक्षा सरस आहे, पंखाच्या सांध्यावर रेष शोधून सापडत नाही. कारण सांगा आणि रंग न उतरवता वाचवायचा मार्ग असेल तर तोही सांगा.

प्रतिसाद १

पाण्यात डेकल किती वेळ ठेवलं होतं? सुटं होऊन तरंगेपर्यंत ठेवलं तर मागचा गोंद पाण्यात उतरतो आणि मग कडा नीट धरत नाहीत. कागद बुडवून लगेच बाहेर काढायचा, बाजूला ठेवायचा आणि फिल्म बोटाने सरकू लागली की मॉडेलवर न्यायची. कोड अक्षरं मोठी, म्हणून ती जास्त वेळ भिजली असतील.

प्रतिसाद २

गोंद हे एक कारण असू शकतं, पण मग बारीक सूचनाअक्षरांचं काय? ती तर पटकन सुटतात. मला जागेवरून वेगळाच संशय येतो. पंख आणि धड यांच्यामधला कोपरा ही एअरब्रशची सगळ्यात वाईट जागा. तिथे हवा आपटून उलटी फिरते, त्यामुळे रंगाचे थेंब पृष्ठभागावर पोचायच्या आधीच अर्धे वाळतात. शिवाय पंख रंगवताना उडालेला फवारा धडाच्या बाजूवर कोरड्या धुळीसारखा बसतो. कोड अक्षरं नेमकी तिथेच, पंखाच्या मागच्या कडेलगत. म्हणजे ग्लॉसखालीच खरखर होती, किंवा ग्लॉस स्वतः कोरडा पडला. ग्लॉसची बाटली वापरली आणि पृष्ठभाग ग्लॉस झाला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तपासायला सोपं आहे. दिव्याखाली मॉडेल तिरकं धरा आणि दिव्याचं प्रतिबिंब पाहा. पंखाच्या टोकाला प्रतिबिंबाची कड रेखीव दिसेल. कोपऱ्याकडे सरकताना ती कड विस्कटली तर उत्तर मिळालं. काकांचं विमान का वाचलं हेही यातूनच कळतं. ब्रशचा ओला, जाडसर हात स्वतःच पसरून सपाट होतो, तिथे कोरडा फवारा उडण्याचा प्रश्नच नाही. द्रव न वापरताही डेकल बसलं, कारण खाली काचेसारखी जमीन होती. सॉफ्टनर फिल्म मऊ करून पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषांत) बसवतो, खडबडीत जमीन सपाट करणं हे त्याचं काम नव्हे.

प्रतिसाद ३

वरच्या मताशी सहमत. आता वाचवायचं कसं ते सांगतो. पाचव्यावर मॅट नाही हे फार बरं झालं.

सर्वात बारीक सुई किंवा कोरं पातं घ्या आणि चंदेरी भागावर जवळजवळ बारीक टोचे द्या. अक्षराच्या रंगीत भागात शक्यतो नको, पारदर्शक भागातच. मग मायक्रो सोल किंवा तत्सम सॉफ्टनर ब्रशच्या टोकाने लावा. तो टोच्यांतून खाली उतरतो. फिल्म सुरकुतेल, घाबरू नका आणि अजिबात हात लावू नका, वाळताना ती परत ताणून बसते. रात्रभर राहू द्या. चट्टा लहान झाला पण गेला नाही, तर पुन्हा तेच. घाईत एकदम भरपूर द्रव ओतलं तर अक्षरच फाटतं, म्हणून थोडं थोडं. इतकं करूनही काही उरलं तर विमानाच्याच रंगाने, शून्य नंबरच्या ब्रशने, फक्त पारदर्शक पट्टीवर रंग भरा. हिरवा आणि तपकिरी जिथे भेटतात ती रेघ सांभाळा. मॅट वार्निशखाली हे दिसत नाही.

पुढच्या वेळी आधी धडाचा कोपरा फवारायचा, मग पंखाच्या टोकाकडे जायचं. रंग पूर्ण वाळल्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून अगदी हलका फिरवायचा. खरखर निघून जाते. मग जवळून, ओलसर दिसेल असा ग्लॉस, पण ओघळणार नाही इतपतच.

आणि एक विनंती. तुमच्यातल्या अनुभवी माणसाने त्याचं मॉडेल हातात घेऊन दुरुस्त करून देऊ नये. शेजारी बसून रद्दी पंखावर किंवा प्लॅस्टिकच्या चमच्यावर टोचे कसे द्यायचे ते दाखवावं, त्याच्या विमानावर त्यानेच करावं. एकत्र बसण्याचा फायदा हाच असतो की हात कसा चालतो ते डोळ्यांदेखत पाहायला मिळतं. व्हिडिओत ब्रशवर द्रव किती घेतलं ते नीट कळत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दिव्याखाली धरून पाहिलं. अगदी सांगितल्याप्रमाणे! पंखाच्या टोकाकडे प्रतिबिंब स्वच्छ, धडाजवळ दाणेदार. मग पहिलं आणि दुसरं विमान शेजारी धरलं, त्यांचा कोपरा गुळगुळीत आहे. विचारल्यावर कळलं की त्या दोघांनी ग्लॉसच्या आधी जुन्या सुती कापडाने सगळं विमान घासून घेतलं होतं. त्यांच्या दृष्टीने ती नुसती धूळ पुसण्याची सवय, म्हणून मला सांगितलंच नाही. पाच जण एकाच टेबलावर बसूनही ही गोष्ट आम्हाला विचारल्याशिवाय कळली नाही. आता ठरवलं आहे की प्रत्येकाने आपापली पायरी वहीत लिहायची, क्षुल्लक वाटली तरी.

आमचा नवा सदस्य रंग उतरवणार नाही. चमच्यांवर सराव करून त्याने एका बाजूच्या कोड अक्षरांना टोचे दिले. पट्टी जवळजवळ नाहीशी झाली आहे. त्याचा चेहरा बघून फार बरं वाटलं.

एकच शंका उरते : चौथ्यावर मॅट वार्निश आधीच आहे. त्याला आधी ग्लॉस द्यायचा की आधी टोचे?

प्रतिसाद ३

आधी टोचे. वरून ग्लॉस दिला तर सॉफ्टनरला आणखी एक थर भेदावा लागेल. मॅटच्या थरामुळे द्रव फक्त टोच्यांतूनच उतरणार, म्हणून ते जरा दाट द्या आणि जास्त फेऱ्यांची तयारी ठेवा. पूर्ण वाळलं की द्रवाचे डाग ओल्या कापडाने पुसा, मग सगळ्या विमानावर ग्लॉस, मग नवा मॅट. मॅटची बाटली तळापासून ढवळा, त्यातली मॅट करणारी पूड खाली बसते आणि नीट मिसळली नाही तर पांढुरकी झाक येते. हवा दमट असेल त्या दिवशी फवारू नका. खिडकी उघडी आणि तोंडाला वाफा अडवणारा मास्क, हे पाचही जणांसाठी.