बोटाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलाय का हे हाताने तपासून कळतं, की सोनोग्राफी हवीच?

कॅज्युअल्टीवाला: तळव्याच्या बाजूने बोट कापून आलं की आधी सोनोग्राफीची चिठ्ठी, हे मला नाही पटत. हात सैल सोडायला सांगा, सगळी बोटं थोडी वाकलेली दिसतात, करंगळीकडे जास्त, त्यात एकच सरळ पडलंय तर निम्मं निदान झालंच. मग मधलं पेर धरून फक्त टोक वाकवायला लावा, ही एफडीपीची, म्हणजे टोक वाकवणाऱ्या खोल टेंडनची टेस्ट. बाकीची बोटं सरळ दाबून धरा, म्हणजे एफडीपी अडकतो, आणि ते एकटं मधल्या सांध्यात वाकवायला सांगा, ही एफडीएसची, म्हणजे मधला सांधा वाकवणाऱ्या वरच्या टेंडनची. दोन मिनिटं लागतात.

प्रोबधारी: दोन मिनिटांत पूर्ण तुटलेला कळतो हो, अर्धवट कापलेला टेंडन बोट मस्त वाकवतो आणि नंतर कधीतरी जोर लावताना तुटतो. आणि रडणाऱ्या लहान पोराला "टोक वाकव" सांगून बघा एकदा!

कॅज्युअल्टीवाला: पोराचं मनगट मागे वाकवा, बोटं आपोआप मिटायला हवीत, नाहीतर कोपराखाली स्नायू दाबून बघा. अर्धवटचं म्हणाल तर विरोध देऊन वाकवायला लावायचं, दुखलं किंवा जोर कमी पडला की संशय घ्यायचा.

हँडसर्जरी_रेसिडेंट: सर, एफडीएसच्या टेस्टवर इतका भरवसा नको. तर्जनीचा एफडीपी बराच स्वतंत्र चालतो, बाकीची बोटं धरली तरी तो थांबत नाही, त्यामुळे एफडीएस तुटलेला असूनही मधला सांधा वाकतो आणि आपण फसतो. तिथे चिमटीत कागद धरायला लावा, टोकाचा सांधा सरळ ठेवून धरता येतोय का बघा. करंगळीत तर काहींचा एफडीएस मुळातच एकटा चालत नाही, दुसऱ्या हाताची करंगळी बघितल्याशिवाय काही बोलूच नये. पण म्हणून सोनो? उघडी जखम आहे, संशय आहे, तर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उघडून बघा ना सरळ.

प्रोबधारी: आणि बंद जखमेत काय उघडणार? खेळताना समोरच्याच्या जर्सीत बोट अडकून एफडीपी हाडापासून उपटतो, बहुतेक वेळा अनामिकेचा. कातडी शाबूत, एक्स-रे पण नॉर्मल असू शकतो. टेंडनचं तुटलेलं टोक तळहातापर्यंत सरकलं असेल तर आठवडा-दहा दिवसांत जोडावं लागतं, ते कुठे आहे हे तुमचा हात सांगणार का?

कॅज्युअल्टीवाला: कुठे आहे ते नाही सांगणार, मान्य. पण उपटलाय हे बोटाचं टोक वाकत नाही यावरूनच कळलं ना आधी?

हँडसर्जरी_रेसिडेंट: तुम्ही दोघं भांडा, पण लोकल (बधिर करायचं इंजेक्शन) द्यायच्या आधी बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना तपासत जा, बधिर केल्यावर नर्व्ह कापलीय का ते कसं कळणार. आणि बोट मिटलेलं असताना कापलं असेल तर ते सरळ केल्यावर टेंडनची तुटलेली जागा कातडीच्या जखमेपासून टोकाकडे सरकते, जखमेत डोकावून "टेंडन दिसतोय, ठीक आहे" म्हणणारे तिथेच चुकतात.