सकाळी म्हैसमाळची रानफुलं, संध्याकाळी नाथसागरात होडी: एका दिवसात जमेल का?

लातूरची_गाडी: सहा जण येतोय. दोन लेकरं (७ आणि ११ वर्षं) आणि सत्तरीच्या आजी सोबत. मुक्काम छत्रपती संभाजीनगरात. सकाळी म्हैसमाळचं पठार, संध्याकाळी पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात होडीतून चक्कर, असा बेत आहे. ऑगस्ट बरा की सप्टेंबर? फ्लेमिंगो दिसतील का?

माळरान: जमेल, पण दोन्ही ठिकाणं शहराच्या विरुद्ध दिशांना आहेत. म्हैसमाळ साधारण ४० किमी, पैठण ५०. म्हणजे दुपारचे अडीच-तीन तास गाडीतच जाणार.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा, तोही शनिवार-रविवार सोडून. ऑगस्टात तेरडा जोरात असतो, पण धुकं आणि झड इतकी की फोटोत नुसता पांढरा पडदा येतो. सप्टेंबरात सोनकीचा पिवळा रंग चढतो आणि कवलाही सापडतो. पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके दिसले की समजा, तो कवल्याचाच भाऊ. लेकरांना तो मिकी माऊस म्हणून दाखवा, लगेच ध्यानात राहतो.

सातच्या आत पठारावर पोचा. केन्याची निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून त्यांचं पाणी-पाणी होतं. अकराला येणारे म्हणतात, 'इथं काही नाही.'

पाणी झिरपणारा काळा कातळ दिसला तर उकिडवं बसून बघा. बोटभर दांड्यावर जांभळी-निळी सीतेची आसवं असतात. मुळाशी मोहरीहूनही बारीक फुगे असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. पण अशा कातळावर माती जेमतेम दोन-चार बोटं असते. तुडवली की घट्ट बसते, पाणी मुरत नाही आणि पुढच्या वर्षी तिथं फूल येत नाही. पायवाट सोडून फुलांत बसून फोटो काढणं म्हणूनच नको.

कळलावी ओळखायला सोपी: खाली पिवळी, वर लाल, कडेनं लहरी पाकळ्या आणि पानाचं टोक वेलीच्या तणाव्यासारखं वळलेलं. तिचं सगळं झाड विषारी, कंद तर फारच. लेकरांनी बघावं, तोडू नये.

बूट खाचांच्या तळव्याचे हवेत, शेवाळलेल्या दगडावर चप्पल सटकते. आजींना काठी द्या.

गोदाकाठ: फ्लेमिंगोचं आधीच सांगतो म्हणजे हिरमोड होणार नाही. सप्टेंबरात रोहित (म्हणजेच फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकदंब यातलं काही दिसणार नाही. परदेशी पाहुणे नोव्हेंबरपासून येतात, आणि रोहितला पाणी ओसरून उघडा पडलेला उथळ चिखल लागतो. सप्टेंबरात धरण भरत आलेलं असतं. नदीसुरय, पाणकावळे, बगळे मात्र भरपूर.

होडीचं खरं गणित वाऱ्याचं. धरणाची भिंत पूर्वेच्या टोकाला, पाणी पश्चिमेकडं लांबच लांब पसरलेलं. पावसाळी वारा पश्चिमेचा. तेवढ्या उघड्या पाण्यावरून येताना लाटा वाढत जातात आणि सगळा जोर भिंतीकडच्या काठावर येतो. काठावरून पांढरा फेस दिसला की होडी नको, नावाडी तयार असला तरी.

दुसरा धोका परतीच्या पावसाचा. दुपारनंतर ढग चढून विजा सुरू होतात आणि मोकळ्या पाण्यात तुम्हीच सगळ्यात उंच असता. गडगडाट ऐकू आला की बेत रद्द.

हे पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. कुठून आणि कोणत्या होडीनं जायची परवानगी आहे, हे वन विभागाकडं आदल्या दिवशी विचारून घ्या.

बसायच्या आधी बघा: सगळे बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून वीतभर तरी वर राहिला पाहिजे. लाईफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे, पट्टे आवळा. मोठ्यांचं जॅकेट लेकरांना चालत नाही, त्यातून ती खाली निसटतात. इंजिन असलं तरी वल्हं आणि सुरी होडीत हवीच. मासेमारीची जाळी पंख्यात अडकते, मग इंजिन बंद करून ती कापावी लागते.

सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. पाचला काठावर असा, अंधाराआधी परत या.

माळरान: उतरताना दौलताबादला दिल्ली दरवाज्यातून जाऊ नका. एका वेळी एकच मोठी गाडी निघते, गर्दीत तासभर जातो. वेरूळकडून महामार्ग धरा. आणि म्हैसमाळहून बाराच्या आत निघा, नाहीतर पैठणला पोचून फक्त अंधार बघाल.

लातूरची_गाडी: कळलं. वाऱ्यानं होडी हुकली तर आजींना काय दाखवू?

गोदाकाठ: एकनाथ महाराजांचं समाधी मंदिर गोदावरीच्या काठावरच आहे, तिथं निवांत बसता येतं. घाटावर मात्र आधी चौकशी करून उतरा. तो धरणाच्या खालच्या अंगाला आहे. वरून विसर्ग वाढला की पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि गढूळ पाण्यात शेवटची पायरी कुठं संपते ते दिसत नाही.