नियमपुस्तिकेत विनोद असावा का, आणि असल्यास कुठे?

फासेबहाद्दर:
गेले काही महिने मी एका लहानशा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमची, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळाची, नियमपुस्तिका लिहितो आहे. पात्रे म्हणजे मोडकळीस आलेल्या एका किल्ल्यातील नोकरमंडळी. मालकाला पत्ता लागू न देता किल्ला उभा ठेवणे हे त्यांचे काम. खेळच हलकाफुलका असल्याने नियमांची भाषाही तशीच ठेवली आहे. नमुन्यादाखल उंचावरून पडण्याचा नियम पाहा (हिट पॉइंट म्हणजे पात्रात किती जीव उरला आहे ते सांगणारे गुण): ‘दर दहा फुटांमागे एक सहापैलू फासा टाकावा आणि जे दान पडेल तितके हिट पॉइंट वजा करावेत, ज्यांना उड्या मारण्याची हौस आहे त्यांनी दोन फासे टाकावेत.’ मसुदा वाचणाऱ्या काहींना हे वाक्य फार आवडले. एका अनुभवी गेम मास्टरने (म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) मात्र ते काढून टाकायला सांगितले, पण कारण सांगितले नाही. विनोदी खेळाची नियमपुस्तिका गंभीर भाषेत लिहिणे विसंगत ठरणार नाही का?

गुहापाल:
कारणाचा अंदाज बांधता येतो. नियमपुस्तिका दोन प्रकारे वाचली जाते: एकदा निवांतपणे, खेळ आपल्याला रुचेल की नाही हे पाहण्यासाठी, आणि पुढे कितीतरी वेळा घाईघाईने, खेळाची बैठक ऐन रंगात आलेली असताना आणि सगळे गेम मास्टरच्या तोंडाकडे पाहत असताना. पहिल्या वाचनात तुमच्या वाक्याने हसू येईल. दुसऱ्या वेळी, ज्याच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) उडी मारण्याचे कौशल्य नोंदवलेले आहे असे एखादे पात्र बुरुजावरून पडलेले असेल, आणि त्याने एक फासा टाकायचा की दोन, यावर वाद जुंपेल. वाक्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतक्याच अधिकारवाणीने बोलतो, शिवाय त्यात आकडाही आहे; नियम कुठे संपला आणि थट्टा कुठे सुरू झाली हे वाचणाऱ्याने ओळखायचे तरी कसे?

याचा अर्थ विनोद नकोच असा नाही. त्याची जागा बदलायला हवी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोल-प्लेइंग खेळामध्ये आगीचा गोळा फेकण्याच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते, तर विजेच्या मंत्राला केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबर, स्फटिक किंवा काचेची कांडी. पहिल्यात बंदुकीच्या दारूची सामग्री दडली आहे आणि दुसऱ्यात स्थिर विद्युतचा शाळेतला प्रयोग. ज्याच्या हे लक्षात येते तो हसतो. ज्याच्या लक्षात येत नाही त्याचाही मंत्र बिनचूक चालतो. त्याच खेळाच्या २०१७ सालच्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकात झॅनाथार हा अनेक डोळ्यांचा राक्षस स्वतःची शेरेबाजी करतो, पण ती नियमांच्या मजकुरापासून वेगळी छापलेली असल्यामुळे गोंधळ होत नाही. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या गेम मास्टरसाठीच्या पुस्तकात तर किचकट तक्त्यांच्या सोबतीला एक व्यंगचित्र आहे: योद्धे आणि जादूगार टेबलाभोवती बसून, आपण यंत्रयुगातील कामगार आणि विद्यार्थी आहोत अशी बतावणी करण्याचा खेळ मांडत आहेत. त्या चित्रामुळे एकाही तक्त्याचा अर्थ बदलत नाही.

कुंपणावरचा:
गुहापाल यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. विनोद नियमाबाहेर ठेवला की तो शोभेपुरता उरतो, आणि शोभेच्या विनोदाचा दुसऱ्या वाचनातच कंटाळा येतो. १९८४ साली आलेल्या ‘पॅरानोया’ या खेळात खेळाडूने आपल्या दर्जापलीकडचे नियम माहीत असल्याचे दाखवणे हाच पात्राचा देशद्रोह ठरतो. वाचताना ही निव्वळ गंमत वाटते, परंतु गेम मास्टरशी नियमांचा कीस पाडणारा खेळाडू तिच्यामुळे आपोआप गप्प बसतो. पात्र मेले की त्याच्या जागी बदली क्लोन (हुबेहूब प्रतिरूप) मिळत असल्याने मरणाचेही कोणी मनावर घेत नाही. त्याच वर्षीच्या ‘टून’ या खेळामध्ये पात्र मरतच नाही, ते कोसळते, खेळाडू तीन मिनिटे खेळाबाहेर बसतो आणि पुन्हा येतो. दोन्ही खेळांच्या रचनेत ग्रेग कॉस्टिक्यान यांचा हात होता, हा मला योगायोग वाटत नाही.

तुमच्या वाक्यातील हौशी मंडळी काढून टाका आणि त्या जागी हे घालून पाहा: पडताना झालेल्या आवाजाचे, मालकाला पटेल असे कारण खेळाडूने तिथल्या तिथे सांगितले तर एक फासा कमी टाकावा. हा नियम सरळ भाषेत लिहिता येतो, त्याचा दुसरा अर्थ निघत नाही आणि हसे टेबलावर पिकते.

फासेबहाद्दर:
कारण सांगण्याचा नियम मी उचलतो आहे. मग खेळाच्या नमुना संवादांचे काय? त्यांत मी पात्रांना बरीच अतरंगी नावे दिली आहेत आणि जुन्या खेळांना कोपरखळ्याही मारल्या आहेत.

गुहापाल:
कुंपणावरचा यांचा नियम माझ्या सूचनेपेक्षा सरस आहे, कारण तो तुमच्या खेळाच्या विषयातूनच निघाला आहे.

नमुना संवाद ही विनोदाची सर्वांत सुरक्षित जागा आहे, कारण वाचक तिथे आदेश शोधत नसतो. टेबलावरचे बोलणे कसे असते ते ऐकत असतो. मात्र संवादातील बेरीज-वजाबाकी काटेकोर असू द्या. नियम समजला नाही की बहुतेक लोक उदाहरणावरूनच तो ताडून घेतात. नावांबाबत माझे मत कडक आहे. पुस्तकातील स्वयंपाकी ‘ढेकरसिंह’ असेल, तर खेळाडूंची पात्रेही त्याच वळणाची होतील आणि किल्ला खरोखर कोसळण्याच्या प्रसंगी कोणाच्याही पोटात गोळा येणार नाही. तुम्हाला ती धाकधूक हवी असेल, तर नावे साधी ठेवा. जुन्या खेळांना मारलेल्या कोपरखळ्या निम्म्याहून कमी करा, कारण ज्याने यापूर्वी फासा हातात धरलेला नाही त्याला तिथे काहीतरी आपल्याला कळले नाही एवढेच कळते.

आणि शेवटची सूची पूर्णपणे कोरडी असू द्या. ‘पडणे’ शोधणाऱ्याला ‘गुरुत्वाकर्षणाची कृपा पाहा’ असे उत्तर मिळाले, तर तो पुस्तक मिटून नियम मनानेच ठरवून मोकळा होईल.