अरेका पामची पानं टोकापासून तपकिरी होताहेत, सल्ला हवाय

वाघोलीकर: नमस्कार मंडळी. पाडव्याला नर्सरीतून अरेका पामच्या दोन कुंड्या आणल्या, रोपं गुडघ्याएवढीच आहेत. हॉलमध्ये ठेवल्यात, उजेड भरपूर, थेट ऊन नाही. महिन्याभरात पानांची टोकं तपकिरी आणि कुरकुरीत झाली, आता कडाही वाळताहेत. मधला नवा कोंब मात्र हिरवागार. पाणी एक दिवसाआड. खर्च तीनशेच्या आत हवा, झाडंच तेवढ्याची आहेत.

मोगरावेडी: पाणी जास्त होतंय. डोळे झाकून सांगते. माझ्या जावेचा पाम असाच गेला.

केळशीची_वाडी: पाणी कमी पडतंय! आमच्याकडे पोफळींना उन्हाळ्यात पाटाने पाणी सोडतात, एक झाप वाळत नाही.

पानकिडा: अहो, ती पोफळ. कुंडीतला हा पाम मूळचा मादागास्करचा, वेगळं झाड आहे. पाटाचं पाणी दिलंत तर मुळं कुजतील.

केळशीची_वाडी: पाम तो पामच. पुण्यात बसून वाडी शिकवू नका.

हौशी_माळी: हवा कोरडी आहे, ह्युमिडिफायर घ्या. मी साडेतीन हजारांचा घेतला, पानं बघाल तर बघत राहाल. सोबत मॉइश्चर मीटरही घ्या. फोटो टाकतो.

वाघोलीकर: तीनशे म्हटलंय हो.

हौशी_माळी: एकदाच खर्च होतो. आणि हवा शुद्ध करणारं झाड आहे, नासानेच सांगितलंय.

पानकिडा: नासाच्या १९८९ च्या अहवालातले प्रयोग बंद पेटीत झाले होते. दोन कुंड्यांनी हॉलची हवा शुद्ध होत नाही.

कुंडीबाई: आधी झाड तर बघू द्या. मुळं कुजली असती तर खालची पानं पिवळी पडून लोळली असती, मातीला कुबट वास आला असता. उन्हाने करपलं तर डाग उन्हाच्या बाजूला, पानाच्या मध्येही पडतात. लाल कोळी ही कीड असेल तर पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसतील, पांढरा कागद धरून पान झटका. फक्त टोकं आणि कडा वाळताहेत, कोंब चांगला आहे, म्हणजे कोरडी हवा नाहीतर पाण्यातले क्षार. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर आहे का? पाणी कुठलं घालता?

वाघोलीकर: थर आहे! मला वाटलं बुरशी. पाणी आरओचं, म्हणजे फिल्टरच्या बारक्या नळीतून बाहेर पडतं ते. टँकरचं पाणी, वाया घालवायला जीव होत नाही.

कुंडीबाई: सापडलं. आरओने गाळून काढलेले सगळे क्षार त्या पाण्यात उतरतात. ते लादी पुसायला वापरा. कुंडी मोरीत ठेवून साधं पाणी सावकाश भरपूर ओता, खालून धो धो वाहू द्या. बशीत साचलेलं पाणी फेका. पुढे वरची दोन बोटं माती सुकली की मगच पाणी. खत सध्या नको, त्यातही क्षारच असतात. वाळलेलं टोक कापताना तपकिरी रेघ थोडी ठेवा, हिरव्यात कात्री घातली की तिथून परत वाळतं. वाळलेला भाग हिरवा होणार नाही, नव्या पानांकडे बघा.

मोगरावेडी: मी तेच म्हणत होते, पाण्याचाच प्रॉब्लेम.

चहाची_चूळ: पाणी रात्रभर बादलीत भरून ठेवा, सगळं उडून जातं. आजीचा उपाय.

पानकिडा: क्लोरिन उडतं, क्षार नाही. उलट एसीच्या नळीचं पाणी घाला, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

चहाची_चूळ: आणि ते घाण पाणी चालतं होय?

मोगरावेडी: +१, एसीचं मीही नाही घालत.

हौशी_माळी: एसी लावता? मग ह्युमिडिफायर हवाच.

वाघोलीकर: सर्वांचे आभार. घरात चर्चा झाली. सासूबाईंना आरओचं पाणी मोरीत सोडलेलं बघवत नाही आणि लादीला एवढं लागत नाही. तेव्हा दोन्ही पाम खाली जिन्याच्या चौकात ठेवलेत, वॉचमनकाका पाणी घालतील. हॉलमध्ये मनी प्लांट आणलाय, आरओचं पाणी त्याला.

कुंडीबाई: अहो, क्षार मनी प्लांटलाही नडतात! आणि खालच्या नळाला बोअरचं पाणी नाही ना?

वाघोलीकर: बोअरचंच आहे. पण मनी प्लांट ऐंशी रुपयांचा आहे.

हौशी_माळी: उरलेल्या दोनशे वीस रुपयांत मीटर येतो. लिंक देऊ?