पीएमसी बँक प्रकरण : एकही ठेव बुडाली नसती, तर तो गुन्हा नैतिकदृष्ट्या हलका ठरला असता का?

चर्चाप्रस्तावक :
सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर निर्बंध घातले आणि प्रत्येक ठेवीदाराला सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा दिली. एकूण सुमारे ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या आसपास रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती. ती झाकण्यासाठी त्या समूहाच्या ४४ कर्जखात्यांच्या जागी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवण्यात आली, असा पोलिसांचा आरोप आहे.

निलंबित व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रातले समर्थन मला या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. हा समूह जुना ग्राहक होता, थकबाकी उशिरा का होईना भरत आला होता, आणि ही कर्जे अनुत्पादित (म्हणजे वसुली थकलेली) दाखवली असती तर बँकेवर कारवाई होऊन तिची पत गेली असती, असा त्याचा आशय होता. म्हणजे खोट्या नोंदीने सर्वांचे हितच साधले जात होते! तत्त्ववेत्ता कांट याच्या कर्तव्यवादाने, म्हणजे कृत्याची योग्यता परिणामांवर नव्हे तर त्यामागच्या नियमावर ठरते या मताने, मी याचा ठाम निषेध करतो. अडचणीत आलेल्या प्रत्येक बँकेने असेच करावे असा नियम केला, तर ताळेबंदावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि खोटा ताळेबंद दाखवून काही साधणारही नाही. समूहाने उद्या सर्व कर्ज फेडले असते, तरी ज्या दिवशी पहिले बनावट खाते उघडले त्याच दिवशी ठेवीदाराला त्याच्या संमतीवाचून साधन म्हणून वापरले गेले होते.

पहिला प्रतिसाद :
असहमत. बेंथम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद, म्हणजे ज्याच्या परिणामांनी सर्वांचे मिळून सर्वाधिक हित होते ते कृत्य योग्य हे मत, या पत्राच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे, कारण त्या पत्रातला हिशेब मुळातच अर्धवट आहे. त्यात बँकेची पत मोजली आहे, पण समूहाच्या इमारतींचे काम थांबून कर्ज परत आले नाही तर लाखो ठेवीदारांच्या औषधपाण्याचे आणि मुलांच्या शुल्काचे काय होईल, ही शक्यता मोजलेलीच नाही. प्रामाणिकपणे केलेला परिणामांचा हिशेब असे सांगतो की तीन-चतुर्थांश कर्ज एकाच घरात देणे हेच मुळात चूक होते, मग नोंद खरी असो वा खोटी. तुमच्या कर्तव्यवादाला मात्र हप्त्याची तारीख दोन दिवस मागे टाकणारा कारकून आणि हजारो कोटी लपवणारा अधिकारी यांतला फरक सांगता येत नाही. शिवाय १,००० रुपयांची मर्यादा घालताना रिझर्व्ह बँकेनेही आजच्या गरजू ठेवीदाराला उद्याच्या सर्व ठेवीदारांसाठी वापरलेच की! मग तिचाही निषेध कराल का?

चर्चाप्रस्तावक :
नाही करणार. निर्बंध जाहीरपणे घातले गेले, त्यांची कारणे सांगितली गेली आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवून जून २०२०मध्ये १ लाखापर्यंत नेण्यात आली. जे कृत्य उघड करताच निष्फळ ठरते ते अन्याय्य, ही कसोटीही कांटचीच आहे. बनावट खाती त्या कसोटीवर क्षणभरही टिकत नाहीत. कारकुनाविषयीचा तुमचा आक्षेप मात्र गंभीर आहे. शिक्षेचे प्रमाण ठरवताना परिणाम पाहावेच लागतील, पण कृत्य चूक आहे की नाही हे ठरवताना नव्हे.

दुसरा प्रतिसाद :
सहकारी बँकांच्या लेखापरीक्षणात बरीच वर्षे घालवल्यामुळे मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. अशी लपवाछपवी एका निर्णयाने होत नाही. ती वर्षानुवर्षे रोज नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी न विचारण्याची सवय जडलेली माणसे लागतात. ॲरिस्टॉटलच्या मते धैर्य हा सद्गुण सरावाने येतो. ‘हे कर्जखाते दाखवा’ असे म्हणण्याचा सराव संचालक मंडळाला नसेल, तर कोणताही सिद्धांत त्यांच्या उपयोगी पडणार नाही.

पहिला प्रतिसाद (पुन्हा) :
धैर्यावर बँक चालत नाही. २०२०च्या कायदा दुरुस्तीने सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले, ते माणसांच्या सद्गुणांवर विसंबता येत नाही म्हणूनच.

तिसरा प्रतिसाद :
तुम्ही सगळे लबाडी करणाऱ्याला तोलत आहात. ज्याचे पैसे अडकले त्याला काय देणे लागते, हे कोणीच विचारलेले नाही. जानेवारी २०२२मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतच्या ठेवी ठेव विम्यामुळे सुटल्या, पण त्यापुढील रक्कम किरकोळ ठेवीदारांना १० वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळायची आहे, आणि संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरील रकमेपैकी ८० टक्के रक्कम अग्रहक्काच्या भागांत (प्रेफरन्स शेअर्समध्ये) बदलण्यात आली. उपयुक्ततावादी म्हणेल की बँक बुडण्यापेक्षा हे बरे, आणि एकूण बेरजेत ते खरेही असेल. पण सत्तरीतल्या निवृत्त माणसाला १० वर्षे थांबायला सांगणे आणि चाळिशीतल्याला सांगणे सारखे कसे? माझ्या मते योजनेने वयाप्रमाणे क्रम लावायला हवा होता, आणि विरोध करणाऱ्यांनी त्याविरुद्धचा युक्तिवाद इथे मांडावा.