कलासंस्थेची वेबसाइट नव्याने करताना आधी हिशेब की आधी रंगमंच?

जमाखर्च :
सोलापुरातली एखादी नाट्य किंवा संगीत संस्था वेबसाइट नव्याने करायला घेते, तेव्हा बैठकीचा बहुतेक वेळ लोगो, रंग आणि सरकत्या फोटोंवर जातो. देणगीचं पान शेवटी उरतं. त्यावर खाते क्रमांक, एक क्यूआर आणि 'सढळ हाताने मदत करा' एवढंच असतं. माझं मत आहे की काम या पानापासून सुरू करावं. अनोळखी माणूस पैसे देण्याआधी बघतो की संस्था खरी आहे का, पैसे तिच्याच खात्यात जातात का आणि गेल्या वर्षी आलेल्या पैशांचं काय झालं.

संस्था खरी असल्याचं दाखवायला न्यासाचा नोंदणी क्रमांक, पॅन, १२एबी (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) मंजुरीचे क्रमांक आणि त्यांची मुदत लिहा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून मंजुरीपत्राची तारीखही द्या. विश्वस्तांची नावं धर्मादाय कार्यालयातल्या शेड्युल एकशी, म्हणजे न्यासाच्या नोंदीशी, जुळली पाहिजेत. घोळ नेहमी इथेच होतो. निवडणूक होऊन नवं मंडळ आलेलं असतं, वेबसाइटवर नवी नावं चढतात, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा फेरफार अहवाल, मंजूर झालेला नसल्याने सरकारी नोंदीत जुनीच नावं असतात. तपासणाऱ्याला दोन याद्या दिसतात आणि तो तिथेच थांबतो. नवी नावं जरूर लिहा, पण खाली 'फेरफार अहवाल दाखल' अशी ओळ आणि त्याचा क्रमांक द्या.

क्यूआरखाली स्पष्ट लिहा : 'स्कॅन केल्यावर संस्थेचं अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर पैसे पाठवू नका.' खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर एक दिवसासाठीही लावू नये. आणि मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, लेखापरीक्षकाचा अहवाल एका टिचकीत उघडले पाहिजेत.

रंगपीठ :
यातली एकही गोष्ट चुकीची नाही, पण क्रम मला मान्य नाही. पहिलंच पान नोंदणी क्रमांकांनी भरलं तर ते कचेरीच्या सूचनाफलकासारखं दिसेल. माणूस ताळेबंद वाचून नाटकाच्या प्रेमात पडत नाही. शाहीर राम जोशींच्या गावातली संस्था लावणी, पोवाडा, नाटक जिवंत ठेवते आहे, हे आधी ऐकू यावं, दिसावं. पुढचा प्रयोग कधी, कुठे, तालमीला किती मुलं येतात, कोण शिकवतं, हे वर हवं. कागदपत्रं तळपट्टीत ठेवा, ज्याला हवीत तो शोधेल.

जुन्या वेबसाइटवरचा विश्वास उडतो तो शिळेपणामुळे. 'आगामी कार्यक्रम' उघडला की होऊन गेलेले कार्यक्रम. ताळेबंद कितीही चोख असला तरी असं पान बघून वाटतं की संस्था बंद पडली. म्हणून तारीख उलटली की कार्यक्रम आपोआप 'झालेले प्रयोग'मध्ये जाईल, अशी सोय बनवणाऱ्याकडून आधीच करून घ्या. एरवी दोन ओळींचं काम आहे, पण मागितलं नाही तर कोणी करत नाही.

नवीपेठ :
माझा विरोध मुळावरच आहे. इथली देणगी ओळखीवर मिळते. सुताचे व्यापारी, टॉवेल-चादरीचे कारखानदार, डॉक्टर मंडळी कुणीतरी समोर जाऊन बोललं की देतात आणि छापील पावती घेतात. त्यांच्यापैकी कुणी वेबसाइट उघडून बघत नाही. तोच पैसा तालमीच्या जागेवर खर्च करा. आणि ८०जीचं एवढं कौतुक कशाला? २०२३-२४ पासून नवी करप्रणालीच मूळ पर्याय झाली. तिच्यात राहणाऱ्या नोकरदाराला ८०जीची वजावट मिळतच नाही. मग त्याला ती पाटी दाखवून काय साधणार?

जमाखर्च :
नवीपेठसाहेब, वजावटीचा मुद्दा बरोबर आहे आणि तो देणगीच्या पानावर प्रामाणिकपणे लिहायलाच हवा : 'जुनी करप्रणाली निवडली असेल तरच वजावट, तीही देणगीच्या ५० टक्के आणि उत्पन्नाच्या ठरलेल्या मर्यादेत. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. वस्तुरूप देणगीलाही नाही.' म्हणजे कुणी पडद्याचं कापड किंवा हार्मोनियम दिलं तर आभारपत्र द्या, ८०जीची पावती नको. हे न लिहिता '१०० टक्के करमुक्त' असं छापणाऱ्या संस्था आहेत. त्या पाटीमुळे पुढच्या वर्षी तोच देणगीदार तोंड फिरवतो.

पण ८०जीच्या प्रक्रियेचा खरा उपयोग वजावटीपुरता नाही. १९६१ च्या आयकर कायद्याखाली, म्हणजे २०२५-२६ पर्यंतच्या देणग्यांसाठी, संस्थेने १०बीडी विवरण (कुणी किती दिलं त्याची यादी) पुढच्या ३१ मेपर्यंत भरायचं असतं आणि त्यातून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. प्रमाणपत्र हातात आलं की देणगीदाराला कळतं की आपली रक्कम संस्थेने सरकारलाही तेवढीच सांगितली आहे. त्यामुळे पानावर लिहा : पावती लगेच, प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत, आलं नाही तर अमुक ईमेलवर कळवा.

आणि ओळखीचं म्हणाल, तर सोलापूरचा माणूस आता सगळा सोलापुरात राहिलेला नाही. पुणे, हैदराबाद, बंगळुरूला स्थिरावलेल्या माणसाला नव्या पेठेतून फोन आला की तो आधी मोबाइलवर संस्थेचं नाव टाकून बघतो.

सीएसआरकाम :
कंपन्यांकडून सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा हवा असेल तर वेबसाइट टाळता येत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास स्पष्ट नोंदलेला आहे, त्यामुळे नाट्यसंस्थाही पात्र ठरते. पण राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. हा क्रमांक वेबसाइटवर नसेल तर कंपनीचा माणूस फोन करून विचारत बसत नाही, यादीतल्या पुढच्या संस्थेकडे जातो.

वेबजोडणी :
दोघांच्या वादात पैसे कसे घ्यायचे हा भाग निसटतोय, आणि विश्वास तिथेच तुटतो. नुसता स्थिर, सगळ्यांसाठी एकच क्यूआर लावला की पैसे येतात, पण कुणी दिले ते कळत नाही. बँकेच्या विवरणात अर्धवट नाव आणि १२ अंकी व्यवहार क्रमांक एवढंच उरतं. पॅन नाही, पत्ता नाही, मग १०बीडीत भरणार काय? मार्चअखेर खजिनदार व्हॉट्सअॅपवर 'हे ५०० कुणाचे?' विचारत बसतो.

आधी फॉर्म, मग पैसे, असा क्रम ठेवा. नाव, पॅन, पत्ता, मोबाइल आणि देणगीचा प्रकार : सर्वसाधारण की कायम निधी (मुद्दल म्हणून राखून ठेवायची रक्कम). कायम निधीसाठी देणगीदाराचा लेखी निर्देश लागतो, म्हणून ती चौकट त्यानेच टिचकवावी, आधीपासून भरलेली नको. मग त्या व्यवहारापुरता, रक्कम भरलेला क्यूआर तयार व्हावा.

पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन खात्यात जमा करणारी सेवा) घेतलात तर त्याचं शुल्क कापून पैसे जमा होतात. दर करारागणिक वेगळा, पण समजा २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. १,००० रुपयांवर २३.६० गेले, खात्यात ९७६.४० आले. पावती १,००० चीच द्यायची आणि २३.६० खर्चात दाखवायचे. अनेक ठिकाणी ९७६.४० च देणगी म्हणून लिहितात. मग पावती, वही आणि विवरण तिन्ही वेगळी दिसतात.

तिकीट आणि देणगी एकाच बटनात कोंबू नका. तिकिटाच्या मोबदल्यात प्रयोग बघायला मिळतो, ती देणगी नाही. '५,००० द्या, पहिल्या रांगेच्या दोन जागा मिळवा' अशी योजना असेल तर तिला ८०जीच्या पानापासून दूर ठेवा.

रंगपीठ :
फॉर्ममध्ये पॅन विचारला की ५०१ रुपये देणारे अर्धे लोक पळतात. छोट्या देणगीला पॅन ऐच्छिक ठेवा.

वेबजोडणी :
ठेवा, पण नाव-पत्ता सोडू नका. निनावी देणग्या ठरावीक मर्यादेबाहेर गेल्या तर त्यावर ३० टक्के कर लागतो. आणि चौकटीशेजारीच लिहा की पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक नसेल तर प्रमाणपत्र देता येणार नाही. माणसाला कारण कळलं की तो देतो.

परदेशबटन :
एक धोक्याचा कंदील. नव्या वेबसाइटवर हौसेने 'परदेशातून मदत करा' असं बटन लावलं जातं. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी नागरिकाकडून रुपयाही घेता येत नाही. आपल्या गावचा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलेला माणूसही इथे परदेशी स्रोत ठरतो. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत देऊ शकतो. म्हणून फॉर्ममध्ये 'मी भारतीय नागरिक आहे' ही चौकट हवीच आणि परदेशी कार्डं गेटवेतच बंद ठेवा. नोंदणी असली तरी ती रक्कम दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यायला हवी.

पूर्वभाग :
इंग्रजीत सजवलेली आणि मराठीत अर्धवट सोडलेली वेबसाइट इथल्या माणसाला परकी वाटते. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. निदान देणगीचं पान चारही भाषांत हवं. आणि मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली पत्रकं तशीच चिकटवली की मोबाइलवर नुसती चित्रविचित्र अक्षरं उमटतात. नोटो सॅन्स किंवा मुक्ता हे फॉन्ट वापरा, अक्षर १७-१८ पिक्सेल, ओळींमध्ये १.६ पट अंतर. इंग्रजीसाठी घातलेलं अक्षरांमधलं जादा अंतर देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते.

जमाखर्च :
चार भाषा मला पटत नाहीत. वर्षभरात मराठीतला मजकूर बदलतो, तेलुगूतला तसाच राहतो आणि दोन भाषांत दोन वेगळे नियम दिसतात. पैसे कुठे जातात, पावती कधी मिळेल, तक्रार कुठे करायची एवढंच चार भाषांत ठेवा.

न्यासबाजू :
पारदर्शकतेच्या उत्साहात काय उघडं पडतं तेही बघा. लेखापरीक्षण अहवाल स्कॅन करून चढवला की त्यात विश्वस्तांच्या सह्या आणि खाते क्रमांक दिसतात. सह्या झाकून चढवा. देणगीदारांची यादी रकमांसह लावायची तर प्रत्येकाची संमती घ्या, फॉर्ममध्येच तशी वेगळी चौकट ठेवा. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी हे करायला हवं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे पावत्या ४१२.पीडीएफ, ४१३.पीडीएफ अशा ओळीने ठेवणं. पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचा पॅन समोर येतो. पावती ईमेलने पाठवा, सर्व्हरवर उघडी नको.

नवीपेठ :
बरं, वेबसाइट हवी हे मी मान्य करतो. पण '१०० रुपयांतले ८५ थेट कलेवर' असली गोल चित्रं नकोत. तालमीची जागा हा कलेवरचा खर्च की प्रशासनाचा? ज्याला जसं हवं तसं मांडता येतं.

रंगपीठ :
इथे आपण दोघं एका बाजूला आलो! टक्क्यांऐवजी एका प्रयोगाचा खर्च ओळीओळीने मांडा. हुतात्मा स्मृती मंदिराचं भाडं, प्रकाश, ध्वनी, नेपथ्याची वाहतूक, लेखकाचं मानधन, कलाकारांचं मानधन, नाट्यसंहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, तालमीचा चहा-नाश्ता. शेजारी तिकिटांतून आलेली रक्कम आणि खाली तूट. ती तूट म्हणजेच देणगीची गरज. देणगीदाराला कला आणि हिशेब एकाच तक्त्यात दिसतात. तो तक्ता, वर प्रयोगाचा एक चांगला फोटो. पण फोटो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा ५ एमबीचा नको, २०० केबीच्या आत आणा, नाहीतर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो.

जमाखर्च :
हा तक्ता पहिल्या पानावर असेल तर माझा रंगमंचाला विरोध नाही. मात्र नोंदणी क्रमांक तळपट्टीत बारीक अक्षरात नकोत, देणगीच्या बटनाशेजारी हवेत. यावर मी ठाम आहे.

वेबजोडणी :
करार करण्याआधी एवढं पक्कं करा. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलने घ्या, बनवणाऱ्याच्या नावावर नको. तो फोन उचलेनासा झाला आणि नूतनीकरण चुकलं की पत्ता दुसऱ्याच्या हातात जातो, छापील पत्रिकांवर मात्र तोच राहतो. गेटवेचा ओटीपी एकट्या सचिवाच्या मोबाइलवर न ठेवता संस्थेच्या सिमवर घ्या. एसएसएल प्रमाणपत्राचं (वेबसाइट सुरक्षित असल्याची खूण) नूतनीकरण आपोआप होतंय का ते तपासा. फुकट मिळणारं बहुधा ९० दिवसांचंच असतं आणि ते संपलं की ब्राउझर देणगीच्या पानावरच 'असुरक्षित' असा इशारा दाखवतो. आणि नवा ताळेबंद चढवायची जबाबदारी ठरावात नावानिशी लिहा, मुदत ३१ ऑक्टोबर. लेखापरीक्षण सप्टेंबरअखेर होतं, त्यामुळे महिनाभर पुरतो.