चर्चमधलं लग्न: फुलांना ६० हजार आणि कोयरला ३ हजार?

वाघोलीचा नवरदेव
जानेवारीत इथे वसईत माझं लग्न आहे. मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) साडेचारला, रिसेप्शन सातला. काल रात्री बहीण आणि मी वही घेऊन बसलो. देवळाकडचा (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) हिशेब असा: पॅरिशची, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चची, ठरलेली देणगी ५ हजार, फादरांचं पाकीट वेगळं, कोयरला (गाणाऱ्यांच्या चमूला) ३ हजार, मिस्साच्या पुस्तिका २०० प्रतींचे ७ हजार. बाप्तिस्म्याचा नवा दाखला आणि विवाहपूर्व शिबिराची फी धरायचीही लाज वाटावी इतकी कमी.

आता डेकोरेटरचं कोटेशन: ६० हजार. दाराला कमान, प्रत्येक बाकाच्या टोकाला गुच्छ, वेदीसमोर खाली सोडलेला फुलांचा 'फॉल'. मिस्सा जेमतेम तासाभराची. शिवाय व्हिडिओवाला ९० हजार. संस्कार पंधरा-सोळा हजारांत उरकतो आणि त्याच्या सजावटीला आणि व्हिडिओला दीड लाख. माझं मत: देवळातली सजावट वेदीपुरतीच ठेवायची, बाकी सगळं काट. होणाऱ्या बायकोचं मत वेगळं आहे, म्हणून इथे विचारतोय.

गासची मावशी
बाळा, वेदीपुरतीच म्हणजे रोजच्या मिस्सासारखी. मग लग्न कशाला दिसणार? तुझे आईवडील आयुष्यभर लोकांच्या मांडवात जेवले, आहेर घेतले-दिले. तुझ्या लग्नाला देऊळ उघडंबोडकं दिसलं तर बोट तुझ्याकडे नाही, त्यांच्याकडे दाखवतील. काटायचंच असेल तर रिसेप्शनचं काट. चार तऱ्हेचे स्टार्टर कोण खातं? सगळे इंद्याल (आंबट-तिखट रस्सा) आणि सुक्या मटणाची वाट बघत असतात.

निर्मळचा कोयरवाला
मावशी, रागावू नका, पण मी नवरदेवाच्या बाजूने. गेली बावीस वर्षं लग्नांत गातोय. आम्ही तीन रात्री सराव करतो, ऑर्गनवाला कामावरून अर्धी सुट्टी टाकून येतो आणि शेवटी समोसा-चहा. पाकीट मिळालं तर मिळालं. व्हिडिओवाला मात्र वचनं देताना थेट फादर आणि नवरीच्या मध्ये उभा. मागच्या बाकांवरच्यांना दिसते फक्त त्याची पाठ. त्या पाठीचे ९० हजार!

कॅनडातली वसईकर
पाकिटाचा विषय निघालाच आहे तर बोलते. माझ्या भावाच्या लग्नात पॅरिशने (नाव घेत नाही) देणगी वेगळी, एसीची वेगळी आणि 'आमचाच डेकोरेटर घ्या' ही अट वेगळी लावली. संस्काराला दरपत्रक असतं का? नोव्हेंबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात एका जोडप्याची गोष्ट सांगितली होती. त्यांना मिस्सासकट लग्न हवं होतं. चर्चच्या कार्यालयातून उत्तर आलं, एका लग्नाला वीस मिनिटं, मिस्सा हवी तर दोन पाळ्यांचे पैसे भरा. पोपसाहेबांनी त्याला सरळ दोष दिला होता.

पापडीचा पॅरिश कौन्सिलवाला
ताई, ती गोष्ट खरी, पण अर्धीच बाजू. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये (कॅथलिक चर्चच्या कायद्यात) कलम १२६४ आहे: संस्काराच्या वेळची देणगी किती, हे प्रांतातले बिशप मिळून ठरवतात. कलम ८४८ म्हणतं, ठरल्यापेक्षा जास्त मागायचं नाही आणि गरिबाला पैशाअभावी संस्कार नाकारायचा नाही. आम्ही तीन-चार जोडप्यांकडून काहीच घेतलेलं नाही, पण ते बोर्डावर लावत नाही. उरलेल्यांनी दिलं नाही तर झाडलोट करणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? 'आमचाच डेकोरेटर' ही सक्ती मात्र मला पटत नाही. ते आमच्याकडे चालत नाही.

कॅनडातली वसईकर
बोर्डावर लावत नाही, तिथेच घोळ आहे. ज्याला गरज आहे त्याला कळणार कसं? तो लाजेने कर्ज काढून देतो.

होळीबाजारचा काका
मी स्वस्तातला उपाय सांगतो. उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस, शुक्रवारी मांस वर्ज्य) लग्न करा. त्या दिवसांत नियमानेच वेदीवर फुलं ठेवत नाहीत. ६० हजार वाचले, वर हॉलही अर्ध्या भावात!

गासची मावशी
आणि जेवणात काय, वालाची उसळ? शुक्रवारी असेल तर तेही चालेल हो तुम्हाला.

नंदाखालचा फुलवाला
सगळे फुलांच्याच मागे लागलात, म्हणून लिहितो. आमच्या घरची दोन पिढ्या दादरला फुलं जातात. तुमच्या कोटेशनमधले ६० हजार आम्हाला मिळत नाहीत. ते जातात ऑर्किड, लिली, स्पंज आणि लोखंडी फ्रेमच्या भाड्यात. फुलं काटू नका, फुलं बदला. निशिगंध आणि शेवंती उभ्या वसईच्या मांडवात चालत आली, देवळात का नाही? चाफा मात्र कमानीला लावू नका, संध्याकाळपर्यंत काळा पडतो. तो नवरीच्या हातात द्या. गावच्या चार पोरांनी सकाळी लावली तर १५ हजारांत वेदी, दार आणि पुढचे बाक होतील.

पुण्याची सून
आमचं आंतरधर्मीय होतं. बिशप हाऊसमधून परवानगी आणली, मिस्सा न ठेवता फक्त विवाहविधी केला, चाळीस मिनिटांत आटोपला. पुस्तिका नाही, गुच्छ नाहीत. खर्च वाचला असं वाटत असेल तर थांबा, पुण्यात मंगल कार्यालय होतंच. पण विधी लहान असल्यामुळे माझ्या सासूबाईंनी एकेक वाक्य ऐकलं. घरी येऊन म्हणाल्या, तुमच्यात मुलीला विचारतात की 'स्वेच्छेने आलीस का', हे बरं आहे.

गासची मावशी
फुलवाल्या दादांचं पटलं. पण बाकांना रिबिनी तरी लाव रे, नाहीतर फोटोत नुसतं लाकूड दिसतं.

वाघोलीचा नवरदेव
आज चौकशी केली. त्याच दिवशी सकाळी साडेदहाला दुसरं लग्न आहे. त्या घरी जाऊन आलो, वेदीची फुलं निम्मी-निम्मी करायचं ठरलं. हिला अजून मान्य नाही, म्हणते दोन्ही नवरींचे फोटो सारखे येतील. कोयरचं पाकीट ३ चे ८ केलं. व्हिडिओवाल्याला वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, हे लिहून देणार आहे. बँडला हात लावायचा नाही, असं आईने सांगितलंय. त्या वहीच्या पानावर तिने आकडाच लिहू दिला नाही.